आत्तींचा नियम आणि आदूचा बटाटा

निघालो त्या सकाळी पिकअपच्या हौद्यात आमचा संसार चढवायला फारसा वेळ लागला नाही. एक कपाट, दोन गाद्या, गॅसची शेगडी, आदूची तीनचाकी आणि आत्तींनी भरून दिलेली पोती. जोंधळा, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, वर काकवीचा डबा. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या वारणाकाठी सासूला आत्तीच म्हणतात. त्या अंगणात उभ्या राहून ड्रायव्हरला बजावत होत्या, "दोरी आवळून बांध रं. डबा पालथा झाला तर समदी काकवी गादीवर." कुणी घरातून निघालं की माणसांकडे बघायचं टाळायला सामानाचा फार उपयोग होतो. मीसुद्धा दोरीकडेच बघत होते.

आदू आधीच पुढच्या सीटवर चढून बसला होता. माझा मुलगा, तेव्हा चार वर्षांचा. त्याचं सगळं लक्ष काचेवरच्या वायपरकडे. आत्ती खिडकीशी आल्या आणि त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. अंगावर पडलेलं पान झटकावं तसा त्याने तो हात बाजूला सारला आणि पुन्हा वायपरकडे बघत बसला. "ऱ्हाऊ दे," आत्ती म्हणाल्या, "त्येला कुटं कळतंय." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुला कळतंय न्हवं, तेवढं बास." हा टोमणा होता की आशीर्वाद, याचा निकाल मी अजून लावलेला नाही.

आमच्या गावाहून सातारा म्हणजे इस्लामपुरात एसटी बदलली तरी सकाळी निघालेला माणूस जेवणाच्या वेळेला पोचतो. एवढ्याशा अंतराला गाव सोडणं म्हणायचं का, असं तुम्ही विचाराल. ज्यांची मुलं जर्मनीत आहेत ते तर हसतीलच. हसा. मी हे लिहितेय ते गावात मागे राहिलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी, कारण तुम्ही मला बरंच काही विचारलंत आणि मी कुणालाच धड उत्तर दिलं नाही. आणि थेरपी सेंटरच्या बाकावर माझ्या शेजारी बसणाऱ्या त्या बायांसाठी, ज्या कुणी वाईहून, कुणी म्हसवडहून पोर उचलून आल्या आहेत आणि ज्यांना कुणी काही विचारतच नाही.

आमचं घर भरलेलं होतं. आत्ती, सासरे म्हणजे आण्णा, धाकटा दीर, जाऊ, त्यांच्या दोन मुली आणि आम्ही. माझा नवरा सन्मती सातारा जिल्ह्यात खंडाळ्याकडे एका कंपनीत, सुट्टीला येणारा. मळ्यात ऊस, गोठ्यात म्हशी. अशा घरात लहान पोराला भूक लागायच्या आधी कुणीतरी भरवतं, तहान लागायच्या आधी कुणीतरी तांब्या तोंडाला लावतं. आदूला काय हवंय ते घरातल्या सात-आठ जणांपैकी एकाला तरी कळायचंच. त्यामुळे त्याने कधी काही मागितलं नाही, आणि याचं आमच्याकडे केवढं कौतुक होतं! आम्ही जैन. आमच्यात न मागणारा माणूस मोठा. आत्ती शेजारणींना सांगायच्या, "मागल्या जल्मीचा मुनी हाय ह्यो. खेळणं नगं, खाऊ नगं, कसला मोह न्हाई बगा." बोलत नव्हता, तर तेही मौनात जमा झालं. दुसऱ्या कुठल्या घरात एखाद्या आईला दोन वर्षांच्या मुलाच्या शांतपणाची धास्ती वाटली असती. आम्ही सगळे त्याच्याकडे भक्तिभावाने बघत होतो. मलाही ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

तिसरं वर्ष संपत आलं तशी जरा चुळबुळ सुरू झाली. कुणी वेखंड उगाळून तुपातून चाटवलं. पोपटाने टोचलेला पेरू खाल्ला की पोर बोलायला लागतं म्हणून दीर पेरूच्या बागा पालथ्या घालून आला. पेरू मिळाला, पण आदूने तो तोंडाजवळही येऊ दिला नाही. आण्णांचं मत ठरलेलं, "बापावर गेलाय. सन्मतीबी लय दिस मुकाच हुता." सन्मती आता बोलायला लागला की समोरच्याला जांभया येईपर्यंत थांबत नाही, त्यामुळे त्या मताने मला दिलासा मिळायचा आणि थोडी भीतीही वाटायची. शेवटी अंगणवाडीच्या बाई एक दिवस सोप्यात येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "वैनी, ह्यो नावाला वळून बघत न्हाई. कान तरी तपासून घ्या." कान चांगले होते. कानाच्या डॉक्टरांनीच आम्हाला सांगलीला मुलांच्या विकासाच्या डॉक्टरांकडे धाडलं.

त्या डॉक्टरबाई खुर्चीवर बसल्याच नाहीत. आदूसमोर फरशीवर मांडी घालून बसल्या, साबणाचे फुगे उडवले, मधेच थांबल्या, आणि तो काय करतो ते बघत राहिल्या. तो काहीच करत नव्हता. पुन्हा फुगे येतील म्हणून वाटही बघत नव्हता आणि डॉक्टरांकडे बघतही नव्हता. मग मला प्रश्न. हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का? नवीन काही दिसलं तर तुम्हाला आणून दाखवतो का? भूक लागली तर काय करतो? मी म्हटलं, "त्याला तशी कधी गरजच पडत नाही." त्या काहीतरी लिहीत होत्या, त्या थांबल्या. म्हणाल्या, "गरज पडत नाही की मागता येत नाही, ते आपण बघू या." दोन-तीन वेळा बोलावलं. मग सन्मतीला रजा घेऊन यायला सांगितलं आणि आम्हा दोघांना समोर बसवून शांतपणे सांगितलं. स्वमग्नता. ऑटिझम. पुढेही बरंच सांगितलं, पण सांगली स्टँडवर आल्यावर सन्मतीने मला विचारलं, "बरा कधी होणार, ते विचारलंस का?" मी म्हटलं, "तूही होतास की शेजारीच." दोघांनीही त्या एका शब्दानंतरचं काही ऐकलं नव्हतं. इस्लामपूरची गाडी समोर लागून निघूनही गेली, आम्ही तसेच बसलो होतो.

घरी आल्यावर आत्तींनी हात-पाय धुवायलाही वेळ दिला नाही. "औषध काय दिलं?"

"औषध नाही, आत्ती. हा आजारच नव्हे म्हणाल्या. शिकवायचं त्याला."

"काय शिकवायचं?"

"मागायला."

आत्तींचा हात परातीतल्या पिठावर तसाच राहिला. "मागायला?" त्या म्हणाल्या. "आन आपन इतकी वरसं..." वाक्य पुरं केलं नाही. त्यानंतर मागल्या जन्मीच्या मुनीचा विषय आमच्या घरात कुणी काढला नाही.

सांगलीच्या सेंटरला जायचं ठरलं. सकाळची पहिली एसटी, इस्लामपूरला बदल, हॉर्न वाजला की आदूचे दोन्ही हात कानांवर आणि सगळ्या गाडीच्या नजरा माझ्यावर. खाण्याचं तर विचारू नका. कोरडा भात, भाकरीचा पापुद्रा, एका ठरावीक पुड्यातलं बिस्कीट, एवढ्यावर पोर जगत होतं. वरणाचा थेंब भाताला लागला की ताट भिंतीवर. वजन वाढत नव्हतं.

आणि एक दिवस सेंटरच्या बाकावर, मिरजेहून येणाऱ्या एका बाईने आपल्या मुलीसाठी डबा उघडला. उकडलेला बटाटा, मीठ लावलेला. बाकी काही नाही. आदू माझ्या मांडीवरून उतरला. त्याने माझं मनगट धरलं, मला ओढत त्या बाईपाशी नेलं आणि माझा हात तिच्या डब्यावर नेऊन ठेवला. चार वर्षांत त्याने माझ्याकडून मागितलेली ही पहिली गोष्ट. "आमच्यात..." एवढं माझ्या तोंडून निघालं तोवर त्या बाईने फोड त्याच्या तळव्यावर ठेवलीसुद्धा. त्याने ती खाल्ली. पुन्हा माझं मनगट. पुन्हा खाल्ली. मी रडायला लागले. तिला वाटलं डबा संपतोय म्हणून मला वाईट वाटतंय. ती म्हणाली, "असू द्या हो, घरी ढीगभर आहेत." स्पीच थेरपीच्या मॅडम आवाज ऐकून बाहेर आल्या, वयाने लहान, माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, आणि दारातच टाळ्या वाजवायला लागल्या. "मागितलं त्याने! ताई, मागितलं!"

आता इथे मला आत्तींचा नियम सांगायला हवा. सन्मती तान्हा असताना गावात चातुर्मासाला महाराज होते. त्यांच्यापुढे आत्तींनी जन्माचा नियम घेतला, की जमिनीखाली वाढलेलं काही घरात आणायचं नाही, शिजवायचं नाही, खायचं नाही. तेव्हापासून त्यांच्या चुलीवर कांदा, बटाटा, गाजर, मुळा चढलेला नाही. एका बटाट्यात अनंत जीव, आणि आपल्या जिभेसाठी तेवढे मारायचे, हे त्यांना सोसत नाही. हे त्या कुणाला ऐकवत नाहीत, शिकवत नाहीत, फक्त करतात. सन्मतीने कॉलेजात असताना इस्लामपूरला पहिल्यांदा वडापाव खाल्ला, तर घर येईपर्यंत चुळा भरत होता. माझं माहेर सांगलीजवळच्या माधवनगरचं. आजोबा मिलमध्ये, आम्ही चाळीत वाढलेलो. पर्युषणाचे दिवस सोडले तर आमच्याकडे सगळं चालायचं. पण लग्न झालं आणि मी बटाटा सोडला. काही जड गेलं नाही. बटाट्यावाचून कुणाचं अडतं, असं मी आईला म्हटल्याचं चांगलं आठवतं.

मॅडमनी समजावून सांगितलं. जे त्याला मनापासून हवं आहे त्याच्यासाठीच तो मागायला शिकेल. आधी हात धरून, मग चित्राचं कार्ड देऊन, मग जमेल तेव्हा आवाजाने. त्यांनी बटाट्याचं एक चित्रकार्ड करून दिलं. "एकच लक्षात ठेवा ताई. सुरुवातीला तरी मागितलं की लगेच मिळायला हवं. मागून मिळत नाही असं त्याला वाटलं, तर तो मागणंच सोडून देईल. मग परत इथवर आणणं अवघड." बाकी सगळं मी विसरले असते तरी चाललं असतं, पण हे विसरता येण्यासारखं नव्हतं. माझ्या मुलाला एकच दार सापडलं होतं आणि ते दार नेमकं आमच्या घरात उघडत नव्हतं.

मी आत्तींना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "घरात न्हाई. मळ्यात शिजीव." रागाने नाही. त्यांच्या परीने त्यांनी बरीच वाट मोकळी केली होती, हे मला आज कळतं. मळ्यातल्या खोपटात मी तीन दगडांची चूल मांडली, वेगळं पातेलं ठेवलं. सकाळी उकडून ठेवायचे, झाकायचे. पण मळा घरापासून लांब, आणि आदूला भूक लागायची ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, कारण खायचं तिथूनच येतं हे त्याला पक्कं ठाऊक. तो कार्ड घेऊन यायचा आणि माझ्या हातात कोंबायचा. मी त्याला कडेवर घेऊन मळ्याकडे पळायची. त्याला वाटायचं, मागितलं तर आई घराबाहेर काढते. अर्ध्या वाटेतच पोर किंचाळायला लागायचं, डोकं माझ्या खांद्यावर आपटायचं, आणि खोपटात पोचेपर्यंत बटाट्याकडे बघायच्याही स्थितीत नसायचं. उसातून त्याचा आवाज घरापर्यंत जायचा. हळूहळू कार्ड आणणं कमी झालं. एक दिवस ते मला गोठ्यात, वैरणीखाली सापडलं.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. पण आमच्या घरात भांडत नाहीत, गप्प बसतात. जावेने एकदा सुचवलं, सोप्यात एक डबा ठेवू या, सोपा काय स्वयंपाकघर नव्हे. आत्तींनी नुसतं तिच्याकडे बघितलं. सन्मती आईसमोर मान वर करून बोलणारा नाही. तो मला म्हणायचा, "आईचं वय बघ," आणि मी म्हणायचे, "आदूचं वय बघ." इतक्यात जावेच्या लक्षात आलं की आत्ती काही दिवस एकदाच जेवतायत. आदू ज्या दिवशी किंचाळायचा त्या दिवशी संध्याकाळचं ताट त्या परत करायच्या. कुणाला बोलून दाखवलं नाही. मला वाटलं, ही मला शिक्षा आहे. आता वाटतं, त्या काहीतरी फेडत होत्या आणि कुणाचं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग सांगलीतच का राहिली नाहीस, असं तुम्ही सगळ्यांनी विचारलंत. माहेरी दोन खोल्यांत भावाचा संसार. शिवाय मॅडम म्हणाल्या होत्या की वडील रोज घरी असले तर फरक पडेल. सन्मतीच्या कंपनीची बस साताऱ्याहून सुटते, साताऱ्यात सेंटर होतं, भाड्याने जागा मिळाली. हे सगळं खरंच आहे. पण मी गाव सोडलं ते मुळात माझ्या स्वतःच्या एका चुलीसाठी, जिथे मुलाने कार्ड दिलं की मला पळावं लागणार नाही. हे आत्तींना मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. दोघींना ठाऊक होतं. आणि याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं, की दोघींपैकी कुणीच चुकत नव्हतं. एखादीची चूक असती तर दुसरीने माफ केलं असतं आणि विषय मिटला असता.

साताऱ्यात आम्ही अजिंक्यताऱ्याच्या उतारावर दोन खोल्या घेतल्या. ओट्याखाली टोपलीभर बटाटे. पहिल्या दिवशी ती टोपली भरताना दारात कुणी उभं आहे असं वाटत राहिलं. आता माझे शब्दही बदललेत. गावात मी उसाच्या भाषेत बोलायची, पाण्याची पाळी, फेर, तोड, गळीत. आता माझ्या तोंडी सेशन, ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, सेन्सरी, ब्रशिंग, शॅडो टीचर. शेजारीण विचारते, "आज काय?" तर मी म्हणते, "आज स्पीच." दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सरकारी दवाखान्यात रांगेत उभी राहिले तेव्हा आधी पदराने तोंड झाकलं होतं. दुसऱ्या खेपेला मीच पुढच्या बाईला कोणत्या खिडकीवर जायचं ते सांगत होते. माणूस रुळतो. रुळल्याचंही वाईट वाटतं.

आदू परत मागायला लागला. एकदम नाही. कितीतरी दिवस मीच कार्ड त्याच्या हातात द्यायची, परत घ्यायची आणि लगेच फोड द्यायची, असलं एकटीचं नाटक चालू. मग एके सकाळी त्याने आपण होऊन आणून दिलं. पुढे इथल्या सेंटरच्या मॅडमनी मला फोड हातात धरून थोडं थांबायला शिकवलं. थांबले की तो माझ्या तोंडाकडे बघायचा. माझ्या तोंडाकडे! गावात असताना त्याचे डोळे कुठल्या रंगाचे आहेत हे मला झोपलेल्या पापण्या उचलूनच बघावं लागलं असतं. आणि थांबता थांबता एकदा तो म्हणाला, "दे." घोगरा, जाडसर आवाज, म्हाताऱ्यासारखा. सन्मती कंपनीतून आला तेव्हा त्याने तो शब्द ऐकायला एवढे बटाटे खिलवले की पोराचं पोट बिघडलं.

आत्तींना फोन लावला. व्हिडिओ कॉल घेताना त्या मोबाइल असा धरतात की आम्हाला नुसतं कपाळ आणि वरचा पत्रा दिसतो. कपाळ म्हणालं, "म्हनला? काय म्हनला?" मी आदूपुढे फोन धरला, तर तो पळून गेला. "असू दे," कपाळ म्हणालं, "तू ऐकलंस न्हवं." त्याचा पहिला शब्द, आणि संध्याकाळी णमोकार म्हणताना ज्या बाईने त्याला मांडीवर घेऊन इतकी वर्षं वाट पाहिली, तिच्या कानावर तो पडला नाही. पुढे गावाकडे आम्ही जाऊन आलो. पहिल्याच दुपारी आदू माझं मनगट धरून त्यांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा राहिला. मी पिशवीतून आणलेला डबा बाहेर अंगणात उघडला, त्याने तो उधळला, त्याला चुलीपाशीच हवा होता. मिळेल त्या गाडीने आम्ही परत फिरलो. बटाटे अंगणात तसेच पडले होते. ते कुणी उचलले, मी विचारलं नाही.

त्यानंतर आत्तीच आल्या. दीर सोडून गेला. येताना आपलं पीठ, आपला तवा, पाणी गाळायचं फडकं, सगळं बरोबर. मी ओट्याची एक बाजू घासूनपुसून त्यांना दिली. दुसऱ्या बाजूला माझं पातेलं, झाकलेलं. आत्ती त्या बाजूला बघत नव्हत्या आणि मी त्यांच्याकडे बघत नव्हते. जेवण झालं, त्या खाली भिंतीला टेकून बसल्या. मी बाहेर कपडे वाळत घालत होते. आत आले तर आदू त्यांच्यापुढे उभा. त्याने त्यांचं मनगट धरलं होतं.

मी होते तिथेच थांबले. तो त्यांना ओढत होता, त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. त्याने त्यांना ओट्यापाशी नेलं, त्यांचा हात उचलून माझ्या पातेल्याच्या झाकणावर ठेवला, आणि मान वर करून त्यांच्या तोंडाकडे बघितलं. "दे."

आत्तींनी माझ्याकडे पाहिलं. "मलाच म्हनला न्हवं?"

"तुम्हालाच, आत्ती."

मी पुढे झाले असते तर त्या सुटल्या असत्या. मी पुढे झाले नाही. त्याने दुसऱ्या कुणाकडे मागितलं आणि ते मिळालं नाही, असं मला होऊ द्यायचं नव्हतं. आणि दुसरं, त्यांच्या हातून ते घडावं असं मला वाटत होतं. मळ्यात चूल मांडली तेव्हापासून मी त्याची वाट बघत होते. आत्तींनी झाकण काढलं. एक बटाटा उचलला. सोलायचा कसा हेही त्या विसरल्या होत्या, नखाने साल ओढत होत्या. फुंकर घालून निववला, कुस्करला, त्याच्या तळव्यावर ठेवला. तो खात खात त्यांच्या पायाला टेकला. "दे." त्यांनी दुसरी फोड दिली. "दे." त्या हसत होत्या आणि डोळे पदराला पुसत होत्या आणि सोलत होत्या. "आगं, किती मागतोय बग," त्या मला म्हणाल्या, "किती मागतोय माजा बाबा."

नंतर त्यांनी हात धुतले, खूप वेळ धुतले. दुसऱ्या दिवशी कडकडीत उपास केला, पाणीसुद्धा घेतलं नाही. मी म्हटलं, "आत्ती, माझ्यामुळे झालं." तर म्हणाल्या, "तुज्यामुळं कशाला? माज्याकडं मागितलं त्येनं." त्यांच्या आवाजात चक्क फुशारकी होती. मला वाटलं, संपलं सगळं, आता आम्ही परत जाऊ शकतो. निदान सुट्टीला, निदान सणाला.

दीर न्यायला आला तेव्हा पायात चप्पल घालता घालता त्या म्हणाल्या, "शीतल, ह्येला आता गावाकडं आनू नगंस."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"हितली चूल तुजी हाय. हितं मी एक डाव चुकले, एक उपास केला. पन तितं माज्या चुलीम्होरं उभा ऱ्हाऊन ह्यो 'दे' म्हनला, तर मला न्हाई म्हनवायचं न्हाई. आदी येगळं हुतं. आदी त्यो मागत न्हवता. आता त्यो मागनार आन मी रोज देनार, आन मग माजा नियम कुटला ऱ्हातोय?" त्यांनी माझ्या दंडाला धरलं. "मी हाय तवर नगं. मीच येत जाईन."

त्याला मागायला शिकवायलाच तर मी घर सोडलं होतं. तो शिकला, आणि म्हणून घर बंद झालं. राग आला असता तर सोपं होतं. त्या जिना उतरेपर्यंत मी त्यांची पिशवी हातात धरून उभी होते, शेवटी दिरालाच वर यायला लागलं.

आता आत्ती जमेल तशा येतात. आदू त्यांचं मनगट धरत नाही असं होऊ नये म्हणून मी पातेलं भरलेलं ठेवते, आणि धरलं तर त्या दुसऱ्या दिवशी उपाशी राहणार म्हणून माझा घास उतरत नाही. तो आता त्यांना "आ" म्हणतो. आजीतला आ असेल किंवा नुसता आ, त्यांना तेवढा पुरतो. जाताना त्या दिवस मावळायच्या आत आमच्याकडेच जेवून घेतात, कारण गावात पोचेपर्यंत अंधार होतो आणि अंधार पडल्यावर त्या जेवत नाहीत.

कुणी विचारलं की गाव कोणतं, तर मी अजून वारणाकाठचंच नाव सांगते, आणि विचारणारा म्हणतो, मग काय जवळच की, जात असाल वरचेवर. मी हो म्हणते. आदूला कुणी हा प्रश्न विचारत नाही, पण त्याचं उत्तर मला ठाऊक आहे. जिथे मागितलं की मिळतं ते त्याचं घर, आणि ते साताऱ्यातल्या या दोन खोल्यांत आहे. माझं मात्र तिकडेच राहिलं, जिथे माझ्या मुलाला नाही म्हणता येणार नाही म्हणून त्याला येऊ देत नाहीत. आमची खोली कुणी वापरत नाही. आत्ती ती रोज झाडून काढतात, असं जाऊ सांगते.